झोपलेल्या पहारेकऱ्याशेजारी

१

ऑफिसात मी दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. पेशंटचा नंबर आला की भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटतो आणि टिंग वाजतं, त्यातलं टिंग माझं. पोटासाठी एवढं पुरे. बाकी माझा सगळा जीव गेममध्ये. लहानपणापासून खेळत आले, आणि खेळता खेळता एक दिवस वाटलं, आपणच एक करून बघावा. आई म्हणाली, "खाऊन पोट भरेना, म्हणून आता शिजवायलाही बसली."

मोठ्या कंपन्यांकडे चित्रकार असतात, वाद्यवृंद असतो. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप, एक बरा माइक आणि घरची माणसं. चित्रकलेत माझा आनंदीआनंद आहे. मी काढलेला घोडा लोकांना स्टूल वाटतो. म्हणून मी अख्खा गेमच अंधारात ठेवला. एक बंद पडलेली पिठाची गिरणी, दिवे गेलेले, आणि खेळणाऱ्याने नुसत्या कानांच्या भरवशावर बाहेरची वाट शोधायची. पाणी कुठे ठिबकतंय, यंत्र कुठे खडखडतंय, त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखायचं. अडचणीतून काढलेली पळवाट होती, पण खेळून बघितलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

आवाज सगळे घरचेच घेतले. स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ, आईचं शिलाई मशीन, कपाटाचं कुरकुरणारं दार. आणि बाबांचं घोरणं.

बाबा बेकरीत भट्टी सांभाळतात. उजाडायच्या आत जातात, दुपारी घरी येतात, जेवतात आणि चहाच्या वेळेपर्यंत गाढ झोपतात. कानाच्या पाळीमागे पीठ तसंच राहिलेलं असतं. त्यांच्या घोरण्याला घरात 'इंजिन' म्हणतात. एक लांब श्वास आत जातो, वर जाऊन जरासा अडकतो, आणि मग फुर्रकन सुटतो. लहानपणी ताप आला की मी त्यांच्या शेजारी जाऊन पडायचे. हा आवाज चालू आहे तोवर आपल्याला काही होत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

म्हणून गिरणीत एक झोपलेला पहारेकरी ठेवला. गेममध्ये एखादी विसाव्याची जागा असते, तिथे पोचलं की तोवरचा खेळ जपून ठेवला जातो. माझ्या गेममध्ये ती जागा एकच, पहारेकऱ्याशेजारची. अंधारात चाचपडत यायचं, त्याचा श्वास ऐकू आला की त्याच्या जवळ जाऊन बसायचं.

एका सुट्टीच्या दुपारी बाबांच्या उशीशी माइक ठेवला आणि घोरणं भरून घेतलं. त्यातला एक श्वास कापला आणि त्याची दोन टोकं अशी जोडली की तो कुठे संपतो, कुठे सुरू होतो, ते कळू नये. फार सुरेख जमलं. त्या संध्याकाळी मी स्वतःवरच खूश होते.

आणखी एक गोष्ट केली. जुना लॅपटॉप, फार आवाज एकदम वाजवायला लागला की धापा टाकायचा. म्हणून एक नियम लिहिला. कुठलाही आवाज एका वेळी एकाच ठिकाणी वाजेल. दुसरीकडून मागणी आली की पहिल्या ठिकाणचा बंद. असा नियम आमच्यातले सगळेच लिहितात, त्यात विशेष काही नाही.

२

पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं.

"तू कानाला ते लावून बसलीस की घर कसं शांत होतं," ती म्हणाली.

मला वाटलं टोमणा आहे. एरवी मी घरभर बडबडत असते.

"टोमणा नाही गं. नळसुद्धा ठिबकायचा थांबतो."

"नळालासुद्धा कळतं, ताईसाहेब कामात आहेत," ठमी म्हणाली. ठमी माझी धाकटी बहीण, कॉलेजात शिकते, आणि माझ्या गेमची पहिली, फुकटची आणि सगळ्यांत तोंडाळ परीक्षक. आम्ही सगळे हसलो. बाबा तर म्हणाले, "मग रोज बस बाई तू. प्लंबर महिनाभर हुलकावण्या देतोय."

मग आईचं मशीन बिघडलं. आई दुकानांसाठी पडदे शिवते. पाय मारावा तर चाक जागचं हलेना, आणि मग आपोआप सुरळीत. मेकॅनिक सकाळी आला, तेव्हा मी ऑफिसात होते. त्याने तेल घातलं, कापडाचा तुकडा घेऊन सरळ शिवण घातली आणि म्हणाला, "काकू, मशीन ठणठणीत आहे. तुम्हीच दमलाय." आईला ते फार लागलं. दिवसभर ती भांडी आपटत होती.

मी हेडफोन लावून गिरणीतलं यंत्र कुठल्या कोपऱ्यात ठेवावं ते बघत होते. मला यातलं काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

३

गेम पुरा झाला तसा मी तो, हौशी लोक आपले गेम फुकट ठेवतात अशा एका साइटवर टाकला. टाकण्याआधी ठमीने तो सगळा खेळून बघितला आणि नेहमीसारखी खोड काढली.

"पॉज केलं तरी पहारेकरी घोरतच राहतो, ताई. बाकी सगळं थांबतं, हा चालूच."

"नंतर बघू."

"तुझं नंतर म्हणजे कधीच नाही."

"अगं, बरं वाटतं की ते. आपण उठून गेलो तरी कुणीतरी तिथे आहे."

खरं कारण आळस. पण बोलल्यावर मलाच ते पटलं.

बाबांना गेम दाखवला तेव्हा ते हातपाय धुऊन, चष्मा पुसून बसले, बँकेत सही करायला बसावं तसे. अंधारात दोनदा भिंतीला धडकले. मग मी त्यांचा हात धरून माऊस पहारेकऱ्यापर्यंत नेला. त्यांनी हेडफोन कानावर दाबून धरले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"हा मी?"

"तुम्हीच."

"छान झोपलोय की," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला ते पिठाची अॅलर्जी झाल्याचं सांगत नाक पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं. माझ्या लेकीने गेम केलाय, त्यात जो झोपलेला आहे तो मी. पाव कापणारी पोरं, ट्रे वाहणारा, हिशेबाला बसणाऱ्या बाई, सगळ्यांनी तो उतरवून घेतला. त्यांनी आपापल्या भावंडांना दिला. गेम हलका होता, पेन ड्राइव्हवर मावायचा, इंटरनेट नसलं तरी चालायचा. तो तसा चालावा म्हणून मी जिवाचं रान केलं होतं.

४

एक दिवस मला बरं नव्हतं म्हणून घरी होते. लॅपटॉप बंद होता. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि नळाकडे लक्ष गेलं.

नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. चांगला भरलेला, खाली ओघळून लांबट झालेला. तो पडत नव्हता. मी पेला हातात धरून त्याच्याकडे बघत उभी राहिले. पाण्याचा थेंब इतका वेळ तसा राहत नाही, हे कळायला शिकावं लागत नाही. मी बोट पुढे केलं, आणि का कोण जाणे, मागे घेतलं.

माणूस शिकला की स्वतःला फसवायचे प्रकार तेवढे वाढतात. मी म्हटलं, पाण्याला दाब नसेल. वॉशरमध्ये काहीतरी अडकलं असेल. मग म्हटलं, बघायला काय हरकत आहे. फोनवर गेमचं पान उघडलं. आत्ता किती जण खेळतायत ते तिथे कोपऱ्यात दिसतं. एक जण खेळत होता.

मी फोन एका हातात धरला आणि नळासमोर उभी राहिले. बऱ्याच वेळाने तो आकडा पुसला गेला. टप्. मग टप्, टप्, टप्, नेहमीसारखं.

पुढच्या खोलीत आईचं मशीन व्यवस्थित चालत होतं. म्हणजे योगायोग, मी मनाशी म्हटलं. मग आठवलं की खेळणारा नळाच्या खोलीत असतो तेव्हा यंत्राच्या खोलीतला आवाज बंद असतो. तसं मीच लिहिलंय. दोन वेगळ्या खोल्या, दोन वेगळे आवाज. ज्या खोलीत कुणी असेल तिथलाच वाजणार.

बाबा अजून बेकरीतून यायचे होते. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. गिरणीत आणखी कुठल्या कुठल्या खोल्या आहेत, ते मला पाठ होतं, आणि तरीही मी ते मनातल्या मनात मोजायचं टाळत होते.

५

ठमीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताई, तुला रजेची गरज आहे."

"एकदाच. तू आतल्या खोलीत खेळ. पहारेकऱ्याशेजारी बसलीस की मला मेसेज कर. मी बाबांपाशी थांबते."

"आणि काही झालं नाही तर?"

"तर महिनाभर तुझे कपडे मी इस्त्री करीन."

ती लगेच तयार झाली.

दुपारची वेळ होती. पडदा ओढलेला, त्यातून पिवळट उजेड येत होता. बाबा उताणे झोपले होते, एक हात पोटावर. इंजिन जोरात चालू होतं. मी पलंगाच्या कडेला उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली. झोपलेल्या बापाकडे असं बघत कोणी उभं राहतं का?

हातातला फोन थरथरला. 'बसले,' असं त्यात होतं.

श्वास अर्ध्यावर तुटला. माणूस श्वास धरतो तेव्हा छाती फुगते, गळा ताठ होतो, काहीतरी होतं. इथे काहीच झालं नाही. पोटावरचा हात वर जात होता तो वरच राहिला. तोंड थोडं उघडं. आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं मात्र हलत होती, इकडून तिकडे, खोलीत काहीतरी शोधत असल्यासारखी.

मी ओरडले. "ठमे, बंद कर!" दोनदा, तीनदा ओरडले. तिच्या कानांवर हेडफोन होते. ते काढू नकोस असं मीच तिला बजावलं होतं. शेवटी धावत गेले आणि लॅपटॉपची वायर, हेडफोन, हाताला लागेल ते ओढलं. लॅपटॉपची बॅटरी चालूच होती. मी तो तसाच मिटला.

बाहेरून फुर्रकन श्वास सुटल्याचा आवाज आला.

बाबा उठून बसले होते. "काय आरडाओरडा चाललाय? भाजलं का कोणाला?"

"काही नाही. झुरळ होतं," ठमी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने काहीच बघितलं नव्हतं, नुसतं माझ्याकडे बघितलं होतं.

"मी कुठेतरी काळोखात होतो," बाबा कपाळ चोळत म्हणाले. "कोणीतरी येऊन शेजारी बसलं. वाईट नव्हतं हं काही. पण बसलं ते बसूनच राहिलं, आणि मला काही उठता येईना."

 गेम त्यांनी खेळला होता, तर स्वप्नात गिरणी येणारच. यात न समजण्यासारखं काय आहे?

एकदा घडलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. ऑफिसात कोणी अशी तक्रार घेऊन आलं तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पुन्हा करून दाखव. आता मलाच कुणी म्हणालं असतं, पुन्हा करून दाखव, तर?

६

गेम त्याच दिवशी साइटवरून काढला. मग वाटलं, नुसता काढून काय उपयोग, लोकांनी आधीच घेतलाय. म्हणून नवा टाकला, त्यात पहारेकऱ्याला सायकलच्या पंपाचा आवाज दिला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं की जुना चालवू नका, त्यात मोठी चूक आहे. खाली लोकांनी काय लिहावं? 'जुनाच खेळा. नव्यात झोपलेला माणूस खोटा वाटतो.'

बाबांना म्हटलं, बेकरीतल्या पोरांना तो काढून टाकायला सांगा.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "का गं? मी वाईट झोपतो का?"

 मी त्यांच्या कानामागचं पीठ पुसलं आणि विषय बदलला.

डॉक्टरांकडेही नेलं. तिथे बाकावर बसलो असताना भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला आणि टिंग वाजलं. माझंच टिंग. मी एवढी दचकले की बाबा हसायला लागले. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी एक रात्र यंत्र लावून तपासणी केली आणि सांगितलं, झोपेत श्वास थांबतो, पुष्कळांचा थांबतो, घाबरू नका. नाकातोंडावर बसवायचा एक मास्क दिला, त्यातून हवा आत ढकलली जाते. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडले. आजाराचं नाव होतं, त्यावर यंत्र होतं. निघताना डॉक्टर सहज म्हणाले, "एक गंमत आहे. बाकीच्यांचा श्वास अडखळत अडखळत थांबतो. यांचा एकदम थांबतो. कात्रीने कापल्यासारखा."

मास्क लावून बाबा झोपू लागले. हवा आत ढकलली जायची, आणि कधी कधी ती बाजूंनी सूं करत नुसती बाहेर यायची. मग काही वेळाने सगळं सुरळीत. मी फोनवर ते पान उघडून बघायचे. आता तिथे काहीच कळत नव्हतं. लोक जुना गेम आपापल्या घरी चालवत होते, आणि ते कुठे, किती, कधी, हे मला सांगणारं कोणी नव्हतं.

मग आम्ही दोघींनी त्यांना झोपू द्यायचंच कमी केलं. वेड्यासारखं वाटतं ना? आम्हालाही वाटत होतं. दुपारी ठमी त्यांना कोडी घालायची. मी ऑफिसातून फोन करून फालतू चौकशा करायचे. टीव्हीचा आवाज मोठा. "चला बाबा, जरा फिरून येऊ." आई वैतागली. "अरे, त्या माणसाला डोळा लागू द्याल की नाही? काय दावा मांडलाय बापाशी?" तिला आम्ही काय सांगणार होतो? आणि झोप काही कुलपात ठेवता येत नाही. बाबा जेवता जेवता पेंगायचे, घास हातात तसाच.

शेवटी व्हायचं तेच झालं. भट्टीशी उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला आणि उजवा हात तापलेल्या ट्रेवर पडला. कोपरापर्यंत बँडेज बांधून, दोघा जणांनी त्यांना घरी आणून सोडलं. मालकाने निरोप पाठवला होता, भरपूर झोपा आणि मगच या.

त्या रात्री मी आणि ठमी गॅलरीत बसलो. 

"झोपू दे त्यांना, ताई," ती म्हणाली. "आपणच त्यांना मारू."

७

गेम खेळून दाखवणारा एक मुलगा आहे. त्याचं खरं नाव कोणाला माहीत नाही, डोक्यावर कायम लोकरीची टोपी, म्हणून आम्ही सगळे त्याला टोप्या म्हणतो. तो खेळतो आणि हजारो लोक ते बघत बसतात. कुणाला माहीत नसलेले छोटे छोटे गेम तो हुडकून काढतो. त्याने आपला गेम खेळावा म्हणून माझ्यासारखे लोक देव पाण्यात घालून बसतात. मीही बसले होते.

बाबांना भाजल्यानंतर मी घरूनच काम करत होते. दुपारी आई पडदे द्यायला दुकानात गेली होती. बाबा मास्क लावून झोपले होते, बँडेजचा हात चादरीबाहेर. दार उघडं ठेवून मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. श्वास ऐकू येत होता.

ठमीचा कॉलेजातून फोन आला. "ताई, टोप्या आपला गेम खेळतोय. जुना. आत्ता. लाइव्ह."

मी लॅपटॉपवर लावलं. सगळा पडदा काळा, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत टोपी, त्यावर हेडफोन, हसरा चेहरा. "आवाज ऐका मंडळी, नुसता आवाज ऐका," तो म्हणत होता. "हे कोणीतरी जीव ओतून केलंय." स्वयंपाकघरातला नळ गप्प झाला. मग पुन्हा टपटपला. टोप्या पुढच्या खोलीत सरकला होता.

मी धावत जाऊन बाबांना हलवलं. "बाबा, उठा. उठा लवकर."

"पडू दे गं जरा," मास्कमधून ते पुटपुटले आणि कुशीवर वळले. कित्येक दिवसांची झोप होती ती. मी त्यांचा खांदा धरून ओढला, चुकून भाजलेल्या हातावर हात पडला, ते कण्हले, आणि पुन्हा घोरणं सुरू झालं. लांब, आत, वर, वर,

आणि तुटला.

तो उरलेला श्वास बाहेर टेबलावर सुटला. फुर्र. जिथे तुटला तिथूनच पुढे.

"आहा," टोप्याचा आवाज आला. "इथे बसायचं दिसतंय. काय झोपलाय बघा हा. मला माझ्या आजोबांची आठवण झाली."

मी लॅपटॉप उचलून पलंगावर आणला. एक हात बाबांच्या छातीवर, एका हाताने तिथल्या चॅटमध्ये लिहीत होते. 'गेम बंद करा. कृपा करा. माझे वडील'. तेवढंच पाठवलं, आणि ते लगेच वर सरकून दिसेनासं झालं. त्याखाली, त्याखाली, भराभर दुसरे लोक लिहीत होते. किती शांत वाटतंय. मला झोप यायला लागली. हा आवाज कोणीतरी भरून घ्या रे, रोज लावून झोपेन.

टोप्याकडे बेल वाजली. त्याने मान वळवली. "आलोच, मंडळी. तोवर तुम्ही पहारेकऱ्यावर लक्ष ठेवा."

त्याने पॉज केलं. हेडफोन काढून ठेवले आणि उठून गेला. खुर्ची जराशी फिरली आणि थांबली.

बाकी सगळं थांबलं. तो श्वास मात्र चालूच राहिला.

८

मी बाबांची छाती दाबली. मास्क काढला, तोंडाला तोंड लावून हवा घातली. ती आत जात नव्हती. भिंतीत फुंकर मारावी तशी ती माझ्याच गालावर परत आली. पापण्यांखाली बुबुळं हलत होती, पूर्वीपेक्षा सावकाश.

फोन उशीवर पडला होता, त्यातून ठमी रडत बोलत होती. "अँब्युलन्स बोलावलीय, ताई. मीपण लिहितेय गं, आमचा सगळा वर्ग लिहितोय, कोण वाचतंय तिथे!"

मी पडद्याकडे बघितलं. बघायला नको होतं. पहारेकरी म्हणून मी अंधारात एक करडा उंचवटा ठेवला होता, पांघरुणाखाली कोणी आहे एवढं भासावं म्हणून. मला माणूस काढता येत नाही. हात तर मुळीच येत नाहीत. त्या उंचवट्याच्या बाहेर आता एक हात होता. कोपरापर्यंत पांढरं गुंडाळलेलं. आणि त्याच्या शेजारी, खेळणारा बसतो त्या जागी, जे बसलं होतं ते त्या हाताकडे झुकलं होतं.

बाहेरच्या दाराची कडी वाजली. आईच्या चपला, पिशवी ठेवल्याचा आवाज, मग गॅस पेटल्याचा.

"चहा टाकलाय गं," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "उठवतेस का त्यांना?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. लहानपणी स्वप्नात ओरडावं आणि ओठच हलावेत, तसं झालं. लॅपटॉपमधून श्वास येत होता, भरदार, बिनचूक, कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते न कळणारा. सगळी खोली त्याने भरली होती.

आईची पावलं दारापर्यंत आली आणि दाराच्या पडद्याआड थांबली. ती ऐकत होती.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली. "किती दिवसांनी एवढे गाढ झोपलेत. राहू दे, उठवू नकोस."

पावलं परत गेली. कोपऱ्यातल्या चौकटीतली खुर्ची अजून रिकामीच होती.